लाओ पद्धतीने कच्च्या पपईची ठेचलेली कोशिंबीर

आपल्याकडे पपई लावली जाते ती पिकलेल्या फळासाठी. कच्चे फळ क्वचित भाजीला घेतले जाते, मटण लवकर शिजावे म्हणून त्याचा एखादा तुकडा पातेल्यात पडतो, आणि काही फळ टुटीफ्रुटीच्या कारखान्याकडे जाते. याहून अधिक विचार कच्च्या पपईचा होत नाही. मेकाँग नदीच्या खोऱ्यातील लाओस देशात मात्र कच्ची पपई ही रोजच्या ताटातील वस्तू आहे. घराशेजारच्या झाडावरून हिरवे फळ उतरवावे, त्याचे बारीक लांब काप करावेत, ते लसूण-मिरचीबरोबर उखळात हलकेच ठेचावेत आणि आंबट-खारट रसासह लगेच खावेत, अशी तेथील रीत आहे. या पदार्थाला लाओ भाषेत ‘ताम माक हुंग’ म्हणतात. ‘ताम’ म्हणजे ठेचणे आणि ‘माक हुंग’ म्हणजे पपई. पदार्थाच्या नावातच त्याची कृती आली आहे.

पपई उत्पादक शेतकऱ्यांना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ही कृती दोन कारणांसाठी माहीत असावी. पहिले कारण असे की, बागेत कच्च्या अवस्थेत वाया जाणारे फळ थोडे नसते, आणि त्याचा घरच्या घरी चांगला उपयोग करण्याचा हा एक सोपा मार्ग आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या पदार्थाची मूळ चव ज्या माशाच्या खारवणीवर अवलंबून असते, ती न उकळता वापरल्याने मेकाँग खोऱ्यात फार मोठे आरोग्याचे संकट निर्माण झालेले आहे. म्हणून हा पदार्थ शिकविताना त्याची चव आणि त्यातील धोका ही दोन्ही एकाच वेळी सांगितली पाहिजेत.

लाओस हा क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून लहान देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. डोंगर, जंगल, मेकाँग व तिच्या उपनद्या आणि नदीकाठची भातखाचरे असे त्याचे स्वरूप आहे. भात तेथेही मुख्य पीक आहे, परंतु तो आपल्या आंबेमोहोरासारखा किंवा कोलमसारखा नव्हे. तो चिकट भात असतो. त्याच्या दाण्यातील पिठूळ भागात अमायलोज जवळजवळ नसते, त्यामुळे शिजल्यावर शिते एकमेकांना धरून राहतात. हा तांदूळ भिजवून, शंकूच्या आकाराच्या बांबूच्या टोपलीत घालून वाफेवर शिजवितात व झाकणाच्या लहान टोपलीत ठेवून देतात. जेवताना त्याचा लहान गोळा हाताने करून तो कोशिंबिरीच्या रसात बुडवून खातात. आसामात ‘बोरा’ नावाने ओळखला जाणारा तांदूळ याच प्रकारचा आहे.

मेकाँगच्या पलीकडे, थायलंडच्या ईशान्य भागात म्हणजे इसान प्रांतात, लाओ भाषा बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. किंबहुना ती संख्येने खुद्द लाओसमधील लोकांहूनही अधिक आहे. तेथील लोक कामधंद्यासाठी बँकॉकला गेले आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थही गेला. राजधानीत त्याला ‘सोम ताम’ हे नाव रूढ झाले, त्यात ताडगूळ, भाजलेले शेंगदाणे व सुकी कोळंबी यांचे प्रमाण वाढले आणि तो गोडसर झाला. आज जगातील उपाहारगृहांतून जो मिळतो तो बहुधा हाच थाई प्रकार होय. लाओ प्रकारात शेंगदाणे नसतात, गोडी जेमतेम असते, रंग गढूळ तपकिरी असतो आणि वास उग्र असतो. या लेखात वर्णन केला आहे तो लाओ प्रकार.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पपई, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील पिके आहेत. स्पॅनिश व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकापासून पुढे आशियात पसरली. तेव्हा लाओ लोकांचा अगदी जीव की प्राण असलेला हा पदार्थ आजच्या रूपात त्यापूर्वी असणे शक्य नव्हते. आपल्या मिरचीच्या ठेच्याचीही हीच कथा आहे. नवे पीक आले म्हणजे जुन्या कृतीत त्याला जागा करून द्यावी, हे शेतकरी समाज सर्वत्र करीत आला आहे. लाओ लोक काकडी, चवळीच्या शेंगा, आंबट फळे असे बरेच काही याच रीतीने ठेचतात. पपई त्या घराण्यात मागाहून आलेली आणि सर्वांत लाडकी ठरलेली.

फळ कोणते घ्यावे

या पदार्थाचे निम्मे यश फळाच्या निवडीत आहे. फळ पूर्ण वाढीच्या जवळ आलेले परंतु पिकण्यास मुळीच सुरुवात न झालेले असावे. बाहेरून गर्द हिरवे, दाबले असता दगडासारखे टणक आणि नख ओरखडले असता भरपूर पांढरा चीक देणारे फळ योग्य समजावे. कापल्यावर गर पांढरा किंवा फिकट हिरवट दिसला पाहिजे आणि आतील बी पांढरे असले पाहिजे. बी काळे पडू लागले असेल व गरावर पिवळसर छटा आली असेल, तर फळात गोडी उतरू लागली असे समजावे. असे फळ ठेचताना लिबलिबीत होते. फळाच्या टोकाकडे पिवळी रेघ दिसू लागली म्हणजे ते बाजारासाठी उतरविण्यास योग्य झाले असे आपण मानतो. कोशिंबिरीसाठी त्या अवस्थेपर्यंत थांबावयाचे नाही.

झाडाच्या प्रकाराकडेही पाहावे. मादी झाडाचे फळ गोलसर असते व त्याच्या पोटात पोकळी मोठी असते. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, जाड गराचे असते. लांबट फळाचे काप लांब निघतात व वाया कमी जाते, म्हणून तेच पसंत करावे.

आता प्रश्न असा की, बाजारात चांगला भाव देणारे फळ कच्चेच का तोडावे? तसे मुळीच करू नये. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील बागायतदाराला पिकलेल्या फळावरच आपला खर्च भरून काढावयाचा असतो. परंतु बागेत पुढील प्रकारची फळे कच्चीच हाती येतात. वादळी वाऱ्याने किंवा गारपिटीने झाडे मोडतात व त्यांवरील अर्धवट वाढलेली फळे जमिनीवर पडतात. ही फळे पुढे नीट पिकत नाहीत. उभयलिंगी झाडांवर काही वेळा वेडीवाकडी, खोबणी पडलेली फळे धरतात. व्यापारी ती घेत नाही. रिंग स्पॉट या विषाणुरोगाने पछाडलेले झाड उपटून काढावे लागते, त्यावरही काही टणक फळे असतात. हा विषाणू मावा किडीमार्फत पपईच्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. माणसाला त्याची बाधा होत नाही, त्यामुळे अशा झाडावरील चांगले फळ खाण्यास हरकत नाही. गारेने फुटलेले, कुजलेले किंवा जमिनीवर दोन-तीन दिवस पडून राहिलेले फळ मात्र सरळ खड्ड्यात टाकावे. तडकलेल्या सालीतून आत शिरलेली घाण धुऊन निघत नाही, आणि हा पदार्थ तर न शिजविता खावयाचा आहे.

विरळणीत काढलेली लहान फळे या कामी चालतील काय, असे विचारले जाते. मुठीएवढे कोवळे फळ कोशिंबिरीस योग्य नसते. त्यात चीक फार असून गर कमी असतो. ते सोलून, उकडून, पाणी फेकून देऊन भाजीस वापरावे. कोशिंबिरीसाठी निदान अर्धा-पाऊण किलोचे फळ हवे.

बागेत फवारणी झाली असल्यास औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला प्रतीक्षाकाल पूर्ण झाल्याखेरीज फळ खाऊ नये. साल काढली म्हणजे औषध गेले, ही समजूत चुकीची आहे. काही औषधे झाडाच्या रसात मिसळून गरापर्यंत पोहोचतात.

चीक आणि त्याचे गुणदोष

कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे पाचक द्रव्य असते. ते प्रथिनांचे विघटन करते. म्हणूनच कच्च्या पपईने मांस मऊ होते आणि म्हणूनच चीक हाताला लागला असता कातडीची आग होते. फळ सोलण्यापूर्वी हातांना गोडे तेल चोळावे. चीक डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी. पहाटे तोडलेल्या फळातून चीक अधिक वाहतो, हे पपेन काढणाऱ्यांना ठाऊक आहे; त्यांना तो हवा असतो, आपणास नको. म्हणून फळ दिवस वर आल्यावर तोडावे, सालीवर तीन-चार उभ्या रेघा मारून थोडा वेळ देठ वर करून ठेवावे व नंतर भरपूर पाण्यात धुवावे.

याच पपेनमुळे एक सूचना द्यावीशी वाटते. आपल्या सवयीप्रमाणे या कोशिंबिरीत दही घालण्याचा मोह होईल. तो टाळावा. कच्च्या पपईतील पपेन दह्यातील प्रथिनांवर काम करू लागते व थोड्या वेळाने कडवटपणा येतो. आंबटपणासाठी लिंबू किंवा चिंच हेच योग्य.

गरोदर स्त्रियांनी कच्ची पपई खाऊ नये असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. या सांगण्याला आधार आहे. कच्च्या फळाच्या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन होते, असे प्रयोगशाळेत उंदराच्या गर्भाशयावर केलेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. पक्व फळाच्या रसाने तसे झाले नाही. म्हणून गरोदर स्त्रियांना हा पदार्थ देऊ नये. ज्यांना रबराच्या हातमोज्यांमुळे अंगावर पुरळ उठते, अशांनाही कच्च्या पपईच्या चिकाचा त्रास होण्याचा संभव असतो.

काप कसे करावेत

लाओ गृहिणी किसणी वापरत नाही. ती सोललेली पपई डाव्या हातात धरते, उजव्या हातातील धारदार सुरीने फळावर उभे, जवळजवळ, भराभर घाव घालते आणि मग वरचा थर पातळ तासून काढते. त्याबरोबर बारीक लांब काप खाली पडतात. फळ फिरवून पुन्हा घाव, पुन्हा तासणे. ही रीत वाचून महाराष्ट्रातील कोणत्याही अनुभवी गृहिणीला हसू येईल, कारण खमंग काकडीसाठी काकडी कोचवितात ती हीच. काही भागांत तिला चोचविणे म्हणतात. पपई काकडीपेक्षा बरीच कठीण असते, एवढाच फरक. म्हणून घाव घालताना फळ धरणाऱ्या हाताची बोटे पात्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत, आणि सवय नसलेल्याने फळ पाटावर टेकवून हे काम करावे.

किसणीने काम लवकर होते हे खरे. परंतु किसणीच्या दातांनी गर चिरडला जातो, त्यातील पाणी सुटते आणि ठेचल्यावर त्याचा लगदा होतो. सुरीने काढलेले काप जाडीला सारखे नसतात. काही जाड, काही केसासारखे बारीक. हा असमानपणा दोष नव्हे. जाड काप कुरकुरीत राहतात, बारीक काप रस शोषून घेतात, आणि खाताना दोन्हींची गंमत येते. लुआंग प्रबांग या जुन्या राजनगरीकडे तर बारीक काप न करता रुंद, पातळ, फितीसारखे काप करण्याची पद्धत आहे.

तयार काप थंड, पिण्यायोग्य पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. उरलासुरला चीक निघून जातो व काप ताठ होतात. नंतर चाळणीत निथळत ठेवावेत. ते पिळू नयेत.

बाकीचे साहित्य

दोन माणसांसाठी पपईचे काप पाव किलो, लसणाच्या तीन पाकळ्या, हिरव्या किंवा वाळलेल्या लाल मिरच्या तीन-चार, मीठ चिमूटभर, साखर किंवा गूळ लहान चमचाभर, मध्यम आकाराचा एक आंबटगोड टोमॅटो, चवळीच्या कोवळ्या शेंगा दोन, एक लिंबू आणि उकळून गाळलेली माशाची खारवणी दोन मोठे चमचे, एवढे साहित्य पुरे होते. लहान गोल वांगे चिरून घालण्याचीही तेथे रीत आहे. मिरच्यांची संख्या विक्रेता गिऱ्हाइकाला विचारूनच ठरवितो. तेथील माणसे जेवढ्या मिरच्या घालून घेतात तेवढ्या आपल्या खानदेशी माणसालाही जड जाव्यात.

लाओ प्रकारात आंबटपणासाठी लिंबाबरोबर ‘माक कोक’ नावाचे एक रानफळही ठेचून घालतात. हे फळ आपल्या अपरिचयाचे नाही. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी आढळणारा अंबाडा तो हाच. (ज्या अंबाडीची आपण पालेभाजी करतो व जिच्यापासून वाख काढतो, ती वेगळी.) कच्चा अंबाडा कोकणात व गोव्यात लोणच्यात व आमटीत घालतात. लाओसमध्ये त्याच्या गराचे सालीसकट काप उखळात टाकतात. आंबट, किंचित तुरट आणि मागाहून गोडसर अशी त्याची चव रसात उतरते. ज्यांच्या रानात अंबाडा आहे त्यांनी हंगामात अवश्य वापरून पाहावा. इतरांनी चिंचेचा थोडा कोळ घ्यावा. लाओसमध्येही चिंच वापरतात.

पादेक व त्यातील धोका

आता त्या खारवणीविषयी. समुद्र नसलेल्या देशात मासा मिळतो तो नद्या, तळी व भातखाचरांतून. पुराच्या दिवसांत मासे मुबलक असतात व पाणी ओसरल्यावर दुर्मिळ होतात. म्हणून लाओ लोक गोड्या पाण्यातील माशांना मीठ व भाताचा कोंडा लावून मोठ्या रांजणात महिनोन्महिने मुरवितात. या मुरलेल्या माशाला ‘पादेक’ म्हणतात. त्याचा दाट, गढूळ, उग्र वासाचा रस हा लाओ स्वयंपाकाचा प्राण समजला जातो. आपल्या कोकणात बेगमीसाठी मासळी सुकवितात, तेथे ती मुरवितात; गरज एकच.

धोका आहे तो येथे. आपल्याकडे पाणथळ जागी चरणाऱ्या म्हशींच्या व मेंढ्यांच्या यकृतात चपटे, पानासारखे कृमी होतात आणि त्यांचा प्रसार गोगलगायींमार्फत होतो, हे पशुपालकांना माहीत आहे. मेकाँग खोऱ्यात याच जातकुळीचा एक लहान कृमी माणसाच्या यकृतातील पित्तनलिकांत वस्ती करतो. त्याचे शास्त्रीय नाव ओपिस्थॉर्किस विव्हेरिनी. रोगी माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात जातात, तेथील बारीक गोगलगायींच्या पोटात त्यांची वाढ होते, त्यानंतर ते रोहू-कटल्याच्या कुळातील लहान माशांच्या मांसात शिरतात. आणि असा मासा कच्चा किंवा अर्धवट मुरलेला खाल्ला म्हणजे पुन्हा माणसाच्या यकृतात येतात. मांजरे व कुत्री यांच्यातही तो आढळतो. तेथे तो वर्षानुवर्षे राहतो, पित्तनलिकांना सूज आणतो आणि त्यातून पुढे पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीच्या बाधेची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या कारणांत केली. थायलंडच्या ईशान्य भागात या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे.

या कृमीवर प्राझिक्वान्टेल हे औषध चालते. परंतु औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा तसाच मासा खाऊ लागला, तर कृमी पुन्हा होतो. सवय बदलल्याखेरीज उपाय नाही, आणि सवय बदलणे हे किती कठीण काम आहे ते गावपातळीवर काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर जे खाल्ले ते विषारी कसे, हा प्रश्न तेथील आरोग्यसेवकालाही ऐकावा लागतो. त्याचे उत्तर ‘पादेक सोडा’ असे दिले तर कोणी ऐकत नाही. ‘पादेक उकळा’ असे दिले तर निदान ऐकण्याची शक्यता असते.

पुष्कळ महिने भरपूर मिठात मुरलेल्या माशात हे कृमी जगणे कठीण असते. परंतु रांजण किती दिवसांचा आहे व त्यात मीठ किती पडले, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून खात्रीचा मार्ग एकच. पादेकमध्ये थोडे पाणी व गवती चहाच्या दोन काड्या घालून ते चांगले खळखळून काही मिनिटे उकळावे, काटे व कोंडा काढून टाकण्यासाठी फडक्यातून गाळावे आणि थंड झाल्यावर बाटलीत भरावे. उकळल्याने चव बिघडते अशी तक्रार काही जण करतात. गवती चहामुळे उलट वास सौम्य होतो.

लाओ लोक या कोशिंबिरीत मिठात घातलेले कच्चे खेकडेही ठेचून घालतात. ही सवय आपण उचलू नये. गोड्या पाण्यातील कच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात राहणारा दुसरा एक कृमी माणसाला होतो. मणिपूर व नागालँड या आपल्याच राज्यांत त्याचे रोगी आढळलेले आहेत. कोकणात व मावळात मुठे शिजवूनच खातात ते योग्यच आहे.

आपल्याकडे पादेक मिळत नाही. ते गावच्या तळ्यातील मासे आणून घरी करून पाहण्याचा प्रयत्न कोणी करू नये. मिठाचे प्रमाण चुकले म्हणजे मासा मुरत नाही, सडतो. शहरांतील काही दुकानांत समुद्रातील मासळीपासून केलेला बाटलीबंद फिश सॉस मिळतो, तो दीड ते दोन मोठे चमचे घ्यावा. तो फार खारट असल्याने मग वेगळे मीठ घालू नये. तो न मिळाल्यास सुका जवळा मूठभर घेऊन निवडावा, धुवावा, कोरडा भाजावा आणि थोड्या मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी गाळून घ्यावे. शाकाहारी घरात नुसते मीठ व किंचित जास्त लिंबू घालून कोशिंबीर करावी. ती रुचकर होते. तिला लाओ म्हणता येणार नाही, इतकेच.

ठेचण्याची रीत

लाओ उखळ, त्याला तेथे ‘खोक’ म्हणतात, भाजलेल्या मातीचे किंवा लाकडाचे, उभट व खोल असते, आणि त्यातील मुसळ, म्हणजे ‘साक’, लाकडाचे व वजनाला हलके असते. आपला दगडी खलबत्ता लसूण-मिरचीसाठी उत्तम, परंतु पपईसाठी तो उथळ पडतो आणि त्याचा जड बत्ता पपईचा चेंदा करतो. तेव्हा ठेचा खलबत्त्यात करून घ्यावा व पुढचे काम लाकडी उखळात, ते नसेल तर जाड बुडाच्या खोल पातेल्यात लाटण्याच्या टोकाने करावे.

आधी लसूण, मिरची, मीठ व साखर एकत्र ठेचावीत. ठेचा अगदी बारीक करू नये. मिरचीचे तुकडे दिसले पाहिजेत. त्यात चवळीच्या शेंगांचे बोटभर तुकडे टाकून ते जरा फुटेपर्यंत ठेचावेत. मग चिरलेला टोमॅटो व अंबाड्याचे काप घालून दोन-तीन हलके घाव घालावेत. टोमॅटोचा रस उडतो, म्हणून मुसळ उंचावरून मारू नये. यानंतर खारवणी व लिंबाचा रस घालावा. पिळलेल्या लिंबाची एक फोड सालीसकट आत टाकली असता सालीतील तेलाचा सुवास उतरतो.

शेवटी पपई. उजव्या हातात मुसळ व डाव्या हातात मोठा चमचा घ्यावा. मुसळाचा एक घाव, लगेच चमच्याने तळाचे वर, पुन्हा घाव, पुन्हा वर, असे मिनिटभर चालू ठेवावे. पपई ठेचावयाची आहे, चेचावयाची नाही. कापांच्या कडा किंचित मोडून त्यांत रस शिरला, पण दाताखाली आल्यावर आवाज राहिला, म्हणजे काम झाले. चाखून पाहावे. आंबट, खारट व तिखट या तीन चवी एकदम जाणवाव्यात, गोडी मागे राहावी. एखादी चव कमी वाटल्यास ती वाढवून आणखी दोन घाव द्यावेत.

एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त पपई घेऊ नये. उखळ भरले की तळाचे चिरडते व वरचे कोरडे राहते. प्रात्यक्षिकाच्या वेळी वीस-पंचवीस जणांसाठी एकदम मोठे पातेले भरण्याचा मोह होतो. त्यापेक्षा काप व खारवणी आधी तयार ठेवून चार-चार जणांच्या वाट्याची कोशिंबीर पुन:पुन्हा करावी. तेवढ्याच वेळा ठेचण्याची रीत बघणाऱ्यांच्या नजरेखालून जाते. बचत गटाच्या सभासदांपैकी एक-दोघींच्या हाती मुसळ द्यावे. कोचविण्याचे काम तर त्या कार्यकर्त्यापेक्षा सफाईने करतील.

केलेली कोशिंबीर लगेच खावी. अर्ध्या तासात पाणी सुटून ती मऊ पडते, आणि न शिजविलेला पदार्थ उन्हाळ्याच्या दिवसांत उरवून खाणे धोक्याचेही आहे. शिल्लक राहिलेले कोरडे काप ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी संध्याकाळपर्यंत टिकतात.

लाओसमध्ये तिच्याबरोबर चिकट भात, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, कोबीची कच्ची पाने व नाळीची भाजी वाढतात. आपल्याकडे मऊ भाताबरोबर ती चांगली लागते. ज्वारीच्या भाकरीबरोबरही खावयास हरकत नाही. भाकरीचा तुकडा रसात बुडवून खाणे लाओ रीतीपासून फारसे दूर नाही. कच्च्या पपईत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, थोडा चोथा व काही प्रमाणात ‘क’ जीवनसत्त्व असते, आणि शिजविण्यात होणारा त्या जीवनसत्त्वाचा नाश येथे टळतो. मात्र डोळ्यांना हितकारक असलेले कॅरोटिन कच्च्या फळात जवळजवळ नसते. ते फळ पिकताना तयार होते. तेव्हा घरातील मुलांसाठी पिकलेली पपई राखून ठेवावी. या कोशिंबिरीची तिखट चव त्यांना तशीही मानवणार नाही.

ज्या दिवसांत पपई नसेल त्या दिवसांत हीच कृती काकडीवर करावी. लाओसमध्ये तिला ‘ताम तेंग’ म्हणतात. काकडी कोवळी असावी, बिया काढून टाकाव्यात, आणि ती पपईहून मऊ असल्याने शेवटचे घाव निम्मेच द्यावेत.